बाई वाचायला शिकल्या ते वर्ष

हिब्रू मी आवडीने घेतली असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं कारण वेळापत्रक होतं. आमच्या कॉलेजात विज्ञानाच्या मुलांनाही एक परकी भाषा घ्यावीच लागायची. फ्रेंचचा तास नेमका रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या वेळी, जर्मनचा वर्ग भरलेला, आणि उरली होती ती हिब्रू. ऑफिसातल्या कारकुनाने माझं नाव लिहिण्याआधी पेन थांबवून विचारलं, "नक्की ना? एकदा नोंद झाली की वर्षभर बदलून मिळणार नाही." मी उसन्या अवसानाने हो म्हटलं.

घरी मामाला हे कळलं आणि त्याला आठवडाभर पुरेल इतकी करमणूक झाली. मामा तेव्हा आमच्याकडेच राहायचा. "उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणे," तो जेवताना म्हणाला. "मग मार्कही उलटेच वाचायचे. एकोणीस पडले तर घाबरू नकोस, ते एक्याण्णव असतात."

आई बालवाडीत शिकवायची. अक्षर म्हटलं की ती कान टवकारायची. तिने एवढंच विचारलं, "अक्षरं किती?"

"बावीस."

"मग रडतेस कशाला? माझी चार वर्षांची पोरं याच्या दुप्पट शिकतात आणि वर नाकही पुसतात."

वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला होता. खोली इतकी अरुंद की भिंतीकडच्या मुलाला बाहेर जायचं असेल तर बाकावरच्या सगळ्यांना उठावं लागायचं. खिडकीतून खाली सायकल स्टँड दिसायचा. आम्ही जेमतेम डझनभर होतो, आणि त्यातले निम्मे माझ्यासारखेच वेळापत्रकाने इथे आणून टाकलेले. खरी गरज असलेला एकच होता. त्याला आम्ही अव्वल म्हणायचो, कारण बालवर्गापासून त्याने दुसरा नंबर पाहिलेला नव्हता. त्याला पुढे जुन्या शिलालेखांचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी ही भाषा पक्की हवी होती. माझ्या शेजारी बारक्या बसायचा. तो दारातून वाकून आत यायचा आणि बसला की बाक कुरकुरायचा, म्हणून त्याचं नाव बारक्या.

बाई पहिल्या दिवशी आल्या त्या वाचतच आल्या. बगलेत पर्स, एका हातात खडूची डबी, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक. जिना चढताना वाचायची त्यांची सवय सगळ्या कॉलेजला माहीत होती. परिच्छेद संपेपर्यंत त्या टेबलाशी उभ्या राहिल्या, मग पुस्तक मिटलं आणि आमच्याकडे पाहून हसल्या. पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, आवाज मात्र मागच्या भिंतीवर आपटून परत येईल असा.

"वही मागून उघडा," त्या म्हणाल्या. "आता तेच पहिलं पान."

आणि आम्ही आलेफ, बेत, गिमेल गिरवायला लागलो. महाविद्यालयात शिकणारी मिशीवाली मुलं जीभ बाहेर काढून अक्षरं गिरवताहेत, हे दृश्य बघण्यासारखं असलं पाहिजे. माझं पेन सारखं डावीकडून सुरू व्हायचं आणि शब्द मागून पुढे घसरायचे. दालेत आणि रेश मला जुळे भाऊ वाटायचे. बाई म्हणायच्या, "दालेतला कोपरा आहे, रेशला खांदा. कोपऱ्याला हात लावलास तर लागेल, खांद्यावरून घसरेल."

बारक्या डावखुरा होता. जन्मभर त्याने लिहिलेल्या शब्दांवरूनच हात फिरवत पुढचे शब्द लिहिले होते. त्याच्या डाव्या तळहाताची कड कायम शाईने निळी असायची. पहिल्या तासाच्या शेवटी त्याने हात वर करून नीट निरखला आणि भर वर्गात म्हणाला, "बाई, हात स्वच्छ आहे! ही माझ्याचसाठी केलेली भाषा आहे."

"मग आता तुला ती सोडता येणार नाही," बाई म्हणाल्या.

हळूहळू मला कळायला लागलं की ही भाषा वाटली तेवढी परकी नाही. 'अता होलेख' म्हणजे 'तू जातोस' आणि 'अत होलेखेत' म्हणजे 'तू जातेस'. इंग्रजीत मुलगा असो की मुलगी, क्रियापदाला पत्ताच नसतो; इथे आपल्यासारखीच त्याला सगळी खबर. 'येश ली आख' म्हणजे शब्दाला शब्द 'आहे मला भाऊ'. मला भाऊ नव्हता, पण ते वाक्य म्हणताना तो असल्यासारखं वाटायचं. बाई अशी वाक्यं आमच्यापुढे मांडायच्या आणि आम्हाला गंमत कळली की स्वतःच पहिल्यांदा ऐकल्यासारख्या खूश व्हायच्या. किती वर्षं त्या हेच शिकवत होत्या कुणास ठाऊक, पण शिळेपणा कधी जाणवला नाही.

सहामाही परीक्षेच्या थोडं आधी बाई यायच्या बंद झाल्या. पहिल्या दिवशी आम्ही वाट पाहून खाली गेलो. दुसऱ्या दिवशी शिपाई सांगत आला, बाईंना दवाखान्यात ठेवलंय, मेंदूत रक्ताची गाठ झालीय. पुढचे काही आठवडे अव्वल फळ्यापाशी उभा राहून धडे घ्यायचा. त्याला येत होतं बरंच, पण आम्ही चुकलो की तो उसासा सोडायचा.

बाई परत आल्या त्या दिवशी त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. हे मला लगेच खटकलं, जसं रोज चष्मा घालणारं माणूस बिनचष्म्याचं दिसलं की खटकतं. बाकी सगळं तसंच होतं. आवाज तोच, चाल थोडी जपून. आम्ही उभे राहिलो, त्यांनी हातानेच बसा म्हटलं, आणि खडू घेऊन फळ्यावर दोन शब्द लिहिले. अक्षर नेहमीसारखं घोटीव. मग त्या दोन पावलं मागे सरल्या, आपण लिहिलेल्या ओळीकडे मान वाकडी करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय लिहिलंय हे?"

प्रश्न आम्हालाच आहे असं समजून बारक्या उठला. "हा-मोरे पो. शिक्षक इथे आहेत."

"मोरे नाही, मोरा. शिक्षिका. अक्षरं तीच असतात, स्वर दाखवणारे ठिपके दिले नाहीत तर दोन्ही वाचता येतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे बरोबर लिहिलंय तर."

आम्ही हसलो.

"हसा, पण मी खरंच विचारत होते," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही."

आम्ही अजून हसतच होतो. मग एकेकाचं हसू विरत गेलं. बाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. इतक्या साधेपणाने, जणू नवा धडा सुरू करताहेत. गाठ झाली ती मेंदूच्या मागच्या भागात. बोलणं शाबूत, समजणं शाबूत, लिहिणंसुद्धा शाबूत. गेलं ते फक्त वाचणं. शुद्धीवर आल्यावर थोरल्या बहिणीने वर्तमानपत्र हातात दिलं, तर त्यांना वाटलं कुठल्या तरी भलत्याच लिपीतला कागद दिलाय. घरी काय आणायचं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि पाच मिनिटांनी तीच चिठ्ठी समोर आली तेव्हा विचारलं, ही कुणाची? शिवाय उजव्या बाजूचं नीट दिसत नव्हतं. हिब्रूची ओळ नेमकी तिथूनच सुरू होते.

"आता मोठा प्रश्न असा," बाई म्हणाल्या, "की वाचता न येणाऱ्या बाईने तुम्हाला वाचायला कसं शिकवायचं. मी विचार केलाय. मी तोंडाने शिकवीन, तुम्ही डोळ्यांनी वाचून दाखवायचं. कान माझे ठणठणीत आहेत, चूक सुटणार नाही. आणि तास संपायच्या आधी थोडा वेळ तुम्ही मला शिकवायचं. आलेफपासून." मग त्यांनी आमच्या धड्यातलंच वाक्य म्हटलं, "अनी मोरा. अनी गम तल्मिदा." मी शिक्षिका. मी विद्यार्थिनीसुद्धा.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा रंगच पालटला. आधी मी एखादं वाक्य चुकतमाकत वाचलं की बाईंच्या डोळ्यांसमोर ते असायचं. आता नसायचं. मी जे वाचेन तेच त्यांना मिळणार. त्यामुळे धड्यातली ओळ त्यांच्यापर्यंत धड पोचवायची जबाबदारी अंगावर आली. अडलं तर आम्ही अक्षरांची नावं सांगायचो. "बेत, योद, ताव," मी म्हणायची, आणि बाई क्षणात, "बायित. घर." अक्षरं कानातून आत गेली की शब्द तयार व्हायचा; डोळ्यांतून गेली की वाटेतच कुठे तरी हरवायची.

त्यांना शिकवणं मात्र जमेना. अव्वल फळ्यावर मोठ्ठा बेत काढायचा, बाई बघायच्या, "हे बेत. बरं." पुढच्या तासाला तोच बेत त्यांना पुन्हा पहिल्यांदा भेटायचा. त्या चिडायच्या नाहीत. "तोंडओळख आहे, नाव आठवत नाही," असं म्हणून हसायच्या. आम्हालाच हसू यायचं नाही.

मी हे घरी सांगितलं. आईने जेवण अर्धवट ठेवून कपाटातून पॉलिश पेपरचे तुकडे काढले. बालवाडीत ती खरखरीत कागदाची अक्षरं करायची. मुलं त्यांवरून बोट फिरवून शिकायची. दोन संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून बावीसच्या बावीस अक्षरं कापली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली. त्यातली तीन आईने सवयीने आरशातल्यासारखी उलटी चिकटवली, ती मी उचकटून पुन्हा लावली.

बाईंनी एकेक पुठ्ठा हातात घेतला, बोटं फिरवली, डोळे मिटूनही फिरवली. "किती सुबक कापलंय," त्या म्हणाल्या. पण नाव काही येईना. पाच-सहा अक्षरांनंतर त्यांनी पुठ्ठे हलकेच बाजूला ठेवले. "आईंना माझे आभार सांग. मला नुसता खरखरीतपणा लागतोय. माझा हात चाचपणारा नाहीये ग, लिहिणारा आहे."

हे बोलल्या आणि त्या स्वतःच थांबल्या. पुठ्ठा पुन्हा उचलून समोर धरला. या वेळी त्यांनी त्याला हात लावला नाही. बोटात खडू असल्यासारखं धरून, पुठ्ठ्यावरच्या आकाराच्या कडेकडेने, त्या हवेत लिहायला लागल्या. वरून आडवी रेघ, मग खाली, मग पायथ्याशी परत, आणि कडेला जराशी टाच बाहेर. "बेत," त्या म्हणाल्या. दुसरा पुठ्ठा. हवेत बोट. "शिन." तिसरा. "लामेद. लामेदच ना? मान वर काढून बसलेला."

बारक्या इतक्या जोरात उठला की आमचा बाक मागे कलंडला.

लिहिणाऱ्या हाताच्या हालचालीवरून त्यांच्या मेंदूला अक्षर अजून ओळखता येत होतं. डोळ्यांची वाट बंद होती, म्हणून त्यांनी हाताच्या वाटेने फेरा घालून आत जायचं ठरवलं. ऐकायला हे झटपट वाटतं. पण तीन अक्षरांचा शब्द म्हणजे तीनदा हवेत लिहिणं, पहिली दोन नावं डोक्यात धरून ठेवणं, तिसऱ्यापर्यंत पहिलं निसटणं, आणि पुन्हा मागे येणं. एका ओळीनंतर त्यांच्या कपाळावर घाम दिसायचा. मी बाकावर बसून बघायची. माझी अक्षरं आता बसली होती, मी भरभर वाचायला लागले होते, आणि त्यांच्याकडे बघून मला कळायचं की आपल्याला हे किती फुकटात मिळालंय.

याच सुमारास अव्वल विभागप्रमुखांकडे गेला. लपूनछपून नव्हे, आधी त्याने बाईंनाच सांगितलं. तास संपल्यावर तो टेबलाशी उभा राहिला. आम्ही दप्तरं भरत होतो, ऐकू येत होतं.

"बाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पण आपण धड्यात मागे पडलोय. वह्या तपासल्या जात नाहीत. माझी पुढची प्रवेशपरीक्षा लेखी आहे. मी सरांशी बोलणार आहे."

बारक्याने दप्तर आपटलं. बाईंनी त्याच्याकडे नजर टाकली आणि त्याने ते उचलून बाकावर ठेवलं.

"बोल," त्या अव्वलला म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर कधीच गेले असते. काही राहिलं सांगायचं तर हेही सांग, की लेखनाच्या चुका मला दाखवता येत नाहीत, वाचून ऐकवलेल्याच कळतात."

अव्वलची तयारी भांडणाची होती, संमतीची नव्हती.

विभागप्रमुख सर भले माणूस होते, पण घड्याळाला बांधलेले. दोन दिवसांनी ते वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. आम्हाला नंतर कळलं की त्यांनी बाईंना आधीच सन्मानाने रजा घेण्याचं सुचवलं होतं, अगदी निरोप समारंभाच्या तारखेसकट. बाई म्हणाल्या होत्या, एक तास बघा, मग ठरवा.

तास नेहमीसारखा झाला. माझ्या मागच्या बाकावरची एक मुलगी वाचत होती, बाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या, आणि तिने एका शब्दात आघात चुकीच्या ठिकाणी दिला तशी त्यांनी मागे न बघताच तो सुधारला. सर वहीत काही लिहीत होते. मग बाईंनी अव्वलला फळ्यापाशी बोलावलं.

"एक वाक्य लिही. मला माहीत नसलेलं. सोपं लिहू नकोस."

त्याने खडू घेतला, थोडा विचार केला आणि लिहिलं. मी मनात वाचलं: हा-केलेव याशेन अल हा-किसे. कुत्रा खुर्चीवर झोपलाय. शब्द आमच्या धड्यांतलेच होते. फक्त त्याने ठिपके दिले नव्हते.

बाई फळ्यासमोर गेल्या. आधी मान पुरती उजवीकडे वळवून ओळीचं टोक शोधलं. मग बोट उचललं.

"पहिलं अक्षर 'हे'." पुन्हा बोट. "बेत... नाही. बेतला टाच असते. याचा पायथा गोल फिरलाय. काफ. मग लामेद. आणि हा खरा बेत, ही टाच. हे, काफ, लामेद, बेत, आणि शेवटच्या बेतचा उच्चार व. हा-केलेव. कुत्रा."

खाली कुणी तरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"योद. शिन. नुन, शेवटचा नुन, खाली लोंबलेला. याशान. जुना." बाई थांबल्या. "कुत्रा जुना? माणूस म्हातारा होतो, कुत्राही म्हातारा होतो, पण हा शब्द वस्तूंना लागतो. जुना जोडा, जुनं घर. बघू पुढे." पुन्हा बोट हवेत. एक अक्षर दोनदा काढलं, तिसऱ्यांदा काढलं. बारक्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं, मी त्याच्या पायावर पाय दिला. "अल. वर. हा-किसे. खुर्चीवर." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे! याशान नव्हेच, याशेन! तीच तीन अक्षरं. झोपलाय! कुत्रा खुर्चीवर झोपलाय!"

त्या सरांकडे वळल्या. परीक्षेला बसलेल्या बाईसारख्या नव्हे. कुत्रा खरोखरच तिथे झोपलेला सापडला आणि तो सगळ्यांना दाखवायचा आहे, अशा. "ठिपके नसले की या भाषेत असं होतं बघा. अक्षरं ओळखून भागत नाही, अर्थ समजला तर वाचता येतं. हे मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले. पण मला स्वतःला ते आत्ता, या वर्षी कळलं."

सरांनी वही मिटली. ते उठून म्हणाले, "लेखी पेपर आणि वह्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ. विद्यापीठातून एक जण आठवड्यातून एकदा येऊ शकेल, मी बोलतो. वर्ग तुमचाच." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "बाई, पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन बसलं तर चालेल?"

"वही आणायची," बाई म्हणाल्या. "आणि मागून उघडायची."

ते गेल्यावर अव्वल अजून फळ्यापाशीच होता. "मी मुद्दाम दोन अर्थांचा शब्द घातला होता," तो हळूच म्हणाला.

"म्हणून तर तुला बोलावलं. बाकीच्यांनी मला 'कुत्रा' एवढंच लिहून दिलं असतं."

त्यानंतर अव्वल रोज तास सुरू होण्याआधी येऊन फळ्यावर बाईंसाठी एक वाक्य लिहून ठेवायचा. कधीही सोपं नाही. त्या दोघांचं ते असं काही जमलं की आम्ही बाकीचे बाहेर जिन्यात थांबून त्यांचं संपायची वाट बघायचो. त्याचा पुढचा प्रवेश पहिल्या फेरीत झाला हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना चकित करून गेली. बाईंना हिब्रू आधी परत आली आणि आपली भाषा मागे राहिली. मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तिथे तीन अक्षरं जुळवली की शब्द हातात येतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार, वर जोडाक्षरं. एक 'स्वातंत्र्य' हवेत लिहून होईपर्यंत माझा चहा गार होतो." घरी वर्तमानपत्र थोरली बहीण वाचून दाखवायची, पण तिला न आवडणाऱ्या बातम्या ती परस्पर गाळायची. "आमच्या घरात गेले काही महिने जगात फारच शांतता आहे," बाई म्हणायच्या.

वार्षिक परीक्षेत मी चांगल्या गुणांनी पास झाले. मामाने गुणपत्रिका हातात घेऊन आकडे उलटे वाचले आणि नापास ठरवून मोकळा झाला. आईने ते खरखरीत पुठ्ठे जपून ठेवले होते. पुढे कधी तरी मला दिसलं की ती एकटीच बसून त्यांवरून बोट फिरवत आलेफ, बेत पुटपुटतेय. मी दारातूनच परत फिरले. दुसऱ्या वर्षी मला फ्रेंच घेता आली असती, प्रॅक्टिकलची वेळ बदलली होती. मी गेले नाही. बारक्याही गेला नाही, पण त्याचं म्हणणं होतं की त्याला फक्त हात स्वच्छ ठेवायचाय.

बाईंनी त्यानंतरही बरीच वर्षं शिकवलं. वाचन पूर्वीसारखं कधीच झालं नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं आणि बाईंनी ते ऐकूनही घेतलं होतं. फक्त त्यावरून प्रयत्न कमी करायचा असतो असं त्यांना वाटलं नाही. हवेतलं बोट हळूहळू लहान झालं. आधी खांद्यापासून हात हलायचा, मग मनगट, मग मांडीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट नुसतं थरथरायचं. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, बाई कसला तरी ताल धरताहेत.

मी आता एका रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. हिब्रूचा माझ्या कामाशी काडीचाही संबंध नाही. तरी दर गुरुवारी कामावरून येताना मी बाईंकडे डोकावते. त्या निवृत्त झाल्या आहेत. पूर्वी आठवड्याला एक पुस्तक संपवणाऱ्या बाई आता वर्षभरात मोजकीच वाचतात, आणि ती फार निवडून घेतात. मी एकदा एक लोकप्रिय कादंबरी नेली तर त्यांनी ती हातात तोलून वजन बघितलं आणि परत दिली. "आता सुमार पुस्तकासाठी माझ्याकडे बोट नाही," त्या म्हणाल्या.

गेल्या गुरुवारी त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर एक बारीकशी हिब्रू कादंबरी. मी चहा ओतून घेतला आणि विचारलं, "कशी आहे?"

"अजून सांगता येणार नाही. सातव्या पानावर आहे." त्यांनी पान हाताने सपाट केलं. "एक मुलगी फार वर्षांनी आपल्या बहिणीच्या घरी आलीय. दार वाजवलंय, आतून पावलं ऐकू येताहेत, आणि इथे माझं बोट दुखायला लागलं. सोमवारपासून बिचारी दारातच उभी आहे."

"मग आज आत घेऊ या तिला. मी वाचून दाखवू?"

"खबरदार!" बाई म्हणाल्या आणि पुस्तक छातीशी धरलं. "तिला मीच आत घेणार. तू पुढच्या गुरुवारी ये, तोवर दार कुणी उघडलं ते मला कळलेलं असेल."

मग त्यांनी चष्मा सरळ केला, मान उजवीकडे वळवून ओळीचं टोक शोधलं, आणि मी शेजारी बसून आवाज न करता चहा पीत राहिले.